मोरीच्या पाण्यावरची बाग

चैत्र लागला की रानात एक गंमत दिसते. ओढा आटलेला असतो. विहीर तळाला गेलेली असते. तरी करंजाला कोवळी पालवी फुटते आणि पिंपळ तांबूस पानांनी भरून जातो. या झाडांची मुळे खोल गेलेली असतात, त्यांना खालची ओल मिळते. आपल्या घरामागे मात्र काय असते? धूळ, आणि मोरीच्या तोंडाशी एक काळे डबके.

या दिवसांत कुणाला म्हणावे, "घरामागे चार फुलझाडे लावा, चार औषधी झाडे लावा," तर उत्तर ठरलेले असते. "गुरुजी, इथं प्यायला पाणी नाही आणि बाग कसली लावताय?"

हे म्हणणे खोटे नाही. आमच्या माणदेशाकडे उन्हाळ्यात पाणी येते ते बाईच्या डोक्यावरच्या हंड्यातून. फुलासाठी तिने एक खेप जास्त घालावी असे सांगणारा माणूस शहाणा नव्हे. गावात नळ आला असला तरी वैशाखात तो दिवसाआड गुळण्या टाकतो. म्हणून आपल्या बागेचा पहिला नियम असा, की बागेसाठी एक तांब्याही नवे पाणी आणायचे नाही. जे पाणी घरात एकदा वापरून झाले, तेच बागेला द्यायचे.

तेवढे पुरेल का? हिशेब करून पाहू. घरात पाच माणसे आहेत. प्रत्येकाच्या आंघोळीला एक बादली पाणी लागते. बादलीत साधारण १५ लिटर पाणी मावते. म्हणजे रोज ७५ लिटर पाणी मोरीतून बाहेर जाते. भांडी विसळलेले, तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी वेगळेच. आता १० फूट लांब आणि १० फूट रुंद असा वाफा घ्या. भर उन्हाळ्यात त्याला दिवसाला तीन, फार तर साडेतीन बादल्या पाणी पुरते. म्हणजे आपण रोज एका बागेचे पाणी फेकून देतो, आणि वर पाणी नाही म्हणून रडतो.

बरे, फेकलेले पाणी गुपचूप जिरून जाते असेही नाही. ते डबके करून बसते. घाण पाण्यात जो डास वाढतो, तोच हत्तीरोग पसरवतो. डासाने पाण्यात अंडी घातली की आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास उडतात. तेव्हा आपले डबके आपल्याच घरातल्या माणसांना चावायला डास तयार करीत असते. हे पाणी रोजच्या रोज मातीत जिरवले, तर डबके राहत नाही. फुले मिळोत न मिळोत, एवढा फायदा पहिल्याच आठवड्यात पदरात पडतो.

मात्र सगळे सांडपाणी सारखे नसते. आंघोळीचे पाणी चालते. भांडी विसळलेले पाणी चालते. कपडे धुण्याचे पहिले पाणी, ज्यात सोडा आणि धुण्याची पावडर असते, ते बागेला देऊ नये. सोड्याने माती चोपण होते. चोपण जमीन तुम्ही पाहिली असेल. वर पांढरी खपली धरते, पाऊस पडला तर चिखल होतो, वाळली तर दगड. तशी माती घरामागे तयार करायची नाही. कपड्यांचे शेवटचे, खळबळलेले पाणी घ्यायला हरकत नाही. संडासाचे पाणी तर बागेकडे मुळीच वळवायचे नाही.

आणखी एक गोष्ट. कोथिंबीर, पुदिना ही पाने आपण कच्ची खातो. त्यांना मोरीचे पाणी घालू नये, जंतू पोटात जातात. त्यांच्यासाठी तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत ठेवावे. तेवढे त्यांना पुरते.

आता कामाला लागू. मोरीचे पाणी जिथे बाहेर पडते, तिथून वाफ्यापर्यंत उताराचा एक चर काढा. चराच्या तोंडाशी हातभर लांब-रुंद आणि वीतभर खोल खड्डा करा. त्यात विटांचे तुकडे घाला, वर जाड वाळू पसरा. त्यावर एक जुने मडके ठेवा. मडक्याच्या बुडाला पाच-सहा भोके पाडा आणि आत नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेले गवत भरा. मोरीचे पाणी या मडक्यात पडले पाहिजे. तेलकटपणा, केस, उष्टे कण शेंड्यांत अडकतात. पाणी खाली वाळूतून गाळून पुढे जाते. दर आठवड्याला शेंड्या बदलायच्या. हे काम थोडे किळसवाणे आहे, पण ते चुकवले की पाणी तुंबते आणि पुन्हा डबके तयार होते. घरातल्या पुरुषाने ते आपल्याकडे घ्यावे, असे माझे मत आहे.

पाणी साठवून ठेवू नये. आजचे पाणी आजच वाफ्यात सोडावे. शिळ्या सांडपाण्याला एका रात्रीत वास मारतो.

वाफा कसा करावा, यातही ऋतू पाहावा लागतो. पावसाळ्यात आपण माती उंच करून गादीवाफा करतो, कारण तेव्हा जास्तीचे पाणी निघून जायला हवे असते. चैत्रात उलटे. आता वाफा चार बोटे सखल ठेवायचा आणि भोवती बांध घालायचा, म्हणजे पाणी आतच राहते. जमीन काळी असेल तर ती उन्हाने भेगाळते. तिच्यात नदीची वाळू किंवा तळ्यातली गाळाची माती मिसळावी. तळी आता कोरडी असतात, गाळ आयता मिळतो. तीन पाट्या मातीला एक पाटी शेणखत घालावे. शेणखत चांगले कुजलेले, काळे, भुसभुशीत हवे. ओल्या शेणाने हुमणी लागते, आणि ती मुळेच खाऊन टाकते.

माघ-फाल्गुनात झाडांची पाने गळतात. पुष्कळ लोक ती झाडून पेटवून देतात. तसे करू नका, पोत्यात भरून ठेवा. रोपे लावल्यावर त्यांच्या बुडाशी ही पाने दोन बोटे जाड पसरायची. मातीवर सरळ ऊन पडत नाही, ओल टिकते. सकाळी घातलेले पाणी संध्याकाळी हात घालून पाहा, पानांखाली माती ओली लागते. उघड्या मातीत तेवढ्या वेळात धूळ झालेली असते. पाणी घालायचे तेही सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. दुपारी घातलेले निम्मे पाणी ऊनच पिऊन टाकते.

गेल्या वर्षीचा माठ घरात असेल तर तोही कामाला येतो. नवा माठ पाणी गार करतो, कारण त्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. वर्षभरात ही छिद्रे क्षारांनी बुजतात. मग आपण म्हणतो, माठ जुना झाला. असा माठ मोगऱ्याच्या किंवा जास्वंदीच्या शेजारी गळ्यापर्यंत पुरावा. बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घट्ट बसवावी. माठात मात्र मोरीचे पाणी घालू नये, वात बुजते. भाजीचे धुतलेले पाणी फडक्यातून गाळून घालावे. ते थेंबाथेंबाने मुळांशी जाते आणि दोन-तीन दिवस पुरते. माठाच्या तोंडावर झाकण हवेच. कारण डेंग्यूचा डास घाणीत नव्हे, अशा स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालची ताटली, फुटके टायर, पत्र्याचे डबे यांत साचलेले पाणीही आठवड्यातून एकदा ओतून ती भांडी कोरडी करावी.

शेळ्या आणि कोंबड्या यांचा बंदोबस्त आधी करावा, बी नंतर टाकावे. भोवती बाभळीच्या काट्या लावा. कोंबड्या मात्र काट्यांखालून शिरतात आणि नुकते पेरलेले बी उकरून खातात. म्हणून बी टाकलेल्या जागेवर उगवेपर्यंत काटेरी फांद्या आडव्या अंथराव्यात. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा आडोसा उभा केला, तर दुपारचे कडक ऊन अडते.

कुठली झाडे लावावी? मोरीचे पाणी जिथे प्रथम येते, तिथे ते सर्वांत मळके असते. तिथे कर्दळ, अळू आणि जागा असेल तर एक केळ लावा. ही झाडे पाणी भराभर पितात आणि मळक्या पाण्याला भीत नाहीत. कर्दळीला लाल-पिवळी फुले येतात. अळू शिजवूनच खायचा असतो, त्यामुळे भीती नाही.

त्यापुढे सदाफुली, झेंडू, गुलबक्षी ही फुले. तिन्ही बियांपासून येतात आणि उन्हाला दाद देत नाहीत. झेंडू वाफ्याच्या कडेने लावावा. मुळांना गाठी आणणारे बारीक कृमी जमिनीत असतात, झेंडूच्या मुळांमुळे ते कमी होतात. आपला दसरा झेंडूवाचून होत नाही. पण हे झाड मूळचे आपले नाही बरं का! ते सातासमुद्रापलीकडून, मेक्सिकोकडून आलेले आहे. तिखट मिरचीही तिकडचीच. पाहुणे आले आणि घरचे झाले.

औषधी झाडांत तुळस पहिली. तिचे बी मोहरीहूनही बारीक असते. राखेत मिसळून टाकावे आणि वर मातीचा पातळ थर द्यावा, खोल पुरले तर उगवत नाही. मंजिऱ्या येऊ लागल्या की खुडाव्यात, म्हणजे पाने जास्त फुटतात. एका बाजूच्या मंजिऱ्या बियांसाठी राखाव्यात. गवती चहाचे बेट शेजाऱ्याकडे असले तर त्याचा एक फुटवा मुळांसकट मागून आणावा. ओव्याच्या पानाची फांदी तोडून मातीत खोचली की दोन आठवड्यांत जीव धरते. त्याची भजी तर होतातच.

धणे पेरताना ते चपलेखाली हलके रगडावेत. एका धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या होतात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. धीर नसेल त्याने शेजारी मेथी टाकावी. ती तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात भाजी होते. बाजारातल्या पुदिन्याची पाने खुडून घेतल्यावर देठ फेकू नका. पाण्यात ठेवले की त्यांना मुळे फुटतात, पाणी तेवढे रोज बदलावे. पुदिना जमिनीखालून धावत सुटतो, म्हणून तो फुटक्या घमेल्यात सावलीला लावलेला बरा.

अक्षय्य तृतीयेपासून पुढे हळद आणि आले लावता येते. हळदीची एक गोष्ट सांगतो. जखमेवर हळद लावावी, हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? तरी १९९५ साली अमेरिकेत याच उपयोगावर दोघांना पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे, हा शोध आमचा, आमच्या परवानगीवाचून दुसऱ्याने त्याचा धंदा करू नये, असा सरकारी कागद. आपल्या देशाच्या विज्ञान आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. परिषदेचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातल्या माशेल गावचे. "आमच्या आज्या हे करीत आल्या" एवढे म्हणून भागत नव्हते, लेखी पुरावा हवा होता. जुन्या संस्कृत ग्रंथांतले उल्लेख आणि १९५३ साली एका वैद्यकीय मासिकात छापून आलेला लेख पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जी झाडे ठाऊक आहेत, त्यांची नावे आणि उपयोग कुणीतरी वहीत लिहून ठेवले पाहिजेत. आता तुम्हाला लिहिता येते.

पण लिहून ठेवलेले सगळेच खरे असते, असेही नाही. आपल्याकडे कित्येक जण मधुमेहावर, म्हणजे साखरेच्या आजारावर, सदाफुलीची पाने-फुले चावून खातात. जमैका नावाच्या बेटावरही लोक याच आजारावर तिच्या पानांचा काढा घेत असत. ती पाने कॅनडा देशातल्या संशोधकांकडे गेली. त्यांनी जनावरांवर तपासून पाहिले. रक्तातली साखर काही उतरली नाही. मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी झाल्या. दुसरा कुणी असता तर पाने फेकून देता. या संशोधकांनी विचार केला, की रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात, मग हे द्रव्य तिथे उपयोगी पडेल का? १९५८ साली त्यांनी व्हिन्ब्लास्टिन नावाचे द्रव्य पानांतून वेगळे केले. पुढे व्हिन्क्रिस्टिन हे दुसरे द्रव्य मिळाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही देतात, आणि कितीतरी पोरे त्यामुळे जगली आहेत. ते द्यायचे ते डॉक्टरने, थेंबाथेंबाचे माप करून. कारण जे द्रव्य पेशी मारते, ते विषच असते. म्हणून सदाफुली दारात फुलवावी, देवाला वाहावी, पण चावू नये.

आडुळशाचेही असेच आहे. कुंपणाला हे झाड फार चांगले, शेळी त्याला तोंड लावत नाही. खोकल्यावर आडुळसा पूर्वीपासून देतात. त्याच्या पानांत वासिसिन नावाचे द्रव्य असते. त्यावरूनच पुढे कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध बनवले गेले. म्हणजे आजीबाईंचे बरोबर होते. पण गरोदर बाईला आडुळसा देऊ नये, त्याने गर्भाला धोका होतो. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर काढा करीत बसू नये. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी, तपासणी आणि क्षयाचे औषध दोन्ही फुकट मिळतात. लहान मुलाला खोकल्याबरोबर धाप लागली, छाती आत ओढू लागली, तर त्याच घडीला दवाखाना गाठावा.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, घरोघर गुळवेलीचे काढे झाले. लोक महिनोन्महिने ते पीत राहिले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी अशा सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. त्यावर वादही झाला. तरी रोज, मनाला येईल तेवढे, कुठलेच औषध घेऊ नये, हे त्यातून घेण्यासारखे आहे. पाला झाडाचा असला म्हणून तो निरुपद्रवी होत नाही.

भाजण्यावर कोरफड लावतात. लावा, पण आधी भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या गार पाण्याखाली धरा. आग थांबते ती पाण्याने. फोड मोठे असतील, कातडी गेली असेल, तर काहीही न लावता स्वच्छ फडके झाकून दवाखान्यात न्या.

घरात पोरे असतील, तर काही झाडे दारात नकोतच. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी. तिची फळे घेऊन मुली खेळतात, पण आतल्या बिया हृदय बंद पाडतात. लाल-पांढरी कण्हेरही विषारी. धोतऱ्याचे बी, गुंजेचे बी तसेच. देवाला कण्हेरीचे फूल हवे असेल तर देवळापाशी एक झाड असू द्या. रांगत्या मुलाच्या हाताला येईल असे नको.

वाफ्याभोवती शोभेसाठी दगड रचण्याची हौस पुष्कळांना असते. आमच्या भागात ती धोक्याची आहे. उन्हाळ्यात थंडाव्याला विंचू दगडाखाली येऊन बसतो. पानांच्या थरातही तो असू शकतो, म्हणून नुसत्या हाताने पाला उचलू नये, काठीने हलवून पाहावा. विंचू चावला तर कुठलाही पाला चोळत बसू नये. लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणात वर्षानुवर्षे असे रोगी पाहिले आणि प्राझोसिन हे औषध वेळेवर दिले तर माणूस वाचतो, हे जगाला दाखवून दिले. साप चावला तर सापाच्या विषावरची लस दवाखान्यातच मिळते, परसात नाही.

मृगाचा पाऊस पडला की काम बदलते. मोरीचे पाणी वाफ्यातून वळवून शोषखड्ड्यात सोडा, कारण आता मातीला ओल पुरेशी असते. सखल वाफा भरून घेऊन उंच करा, नाहीतर हळद आणि आले कुजेल. जास्वंद, मोगरा, आडुळसा यांच्या बोटभर जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांद्या याच दिवसांत लावाव्यात, त्या सहज जगतात. कढीपत्त्याची काळी पिकलेली फळे मिळाली तर बी ताजे असतानाच पेरा, वाळवून ठेवलेले उगवत नाही. झेंडूचे बी पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांनी फूल येते. चैत्रातला झेंडू पावसाच्या तोंडाशी फुलून संपतो. त्यातली पहिली, मोठी फुले झाडावरच वाळू द्या. पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या काड्यांसारखे बी मिळेल, ते कागदात बांधून कोरड्या जागी ठेवा. आषाढ सरता सरता ते पेरले की दसऱ्याच्या तोरणाला फुले बाजारातून आणावी लागत नाहीत.